ल्युलीपासून लक्लेरपर्यंत: फ्रेंच बरोकमधलं इटालियन कसं ओळखायचं

बरोक संगीताची (साधारण १६०० ते १७५० च्या युरोपातल्या संगीताची) गोडी नव्याने लागलेल्या माणसाची एक तक्रार हमखास असते. विवाल्डी, कोरेल्ली हे इटालियन रचनाकार पहिल्याच बैठकीत आवडतात. मग कोणीतरी सांगतं म्हणून फ्रान्सचा ल्युली किंवा कुपरँ लावावा, तर काही हाताला लागत नाही. सूर गोड, वाद्यं गोड, पण गाडी कुठे निघालीय तेच कळत नाही. आता ओळ संपेल असं वाटतं, तेवढ्यात एक नाजूक मुरकी येते आणि आपण तिथेच घुटमळतो.

ही तक्रार तीनशे वर्षांपूर्वी खुद्द पॅरिसमध्येही होती. १७०२ साली राग्ने नावाच्या एका फ्रेंच धर्मगुरूने रोम पाहून आल्यावर दोन्ही देशांच्या संगीताची तुलना छापली आणि झुकतं माप इटलीला दिलं. दोन वर्षांत ले सेर द ला व्हिएव्हिल या ल्युलीभक्ताने त्याच्यावर उलट पुस्तक लिहिलं. भांडण पुढे अर्धं शतक चाललं.

म्हणून ‘इटलीचा फ्रान्सवर प्रभाव’ हे शब्द मला थोडे फसवे वाटतात. गुरूने शिकवलं आणि शिष्याने घोकलं, असं इथे झालेलं नाही. फ्रेंच लोक एका हाताने घेत होते आणि दुसऱ्या हाताने ढकलत होते, आणि त्या ओढाताणीतच त्यांचं उत्तम संगीत तयार झालं. ऐकताना काम एकच: ही ओळ कुठल्या वळणाने बोलतेय ते ओळखणं. त्यासाठी खाली सहा बैठका दिल्या आहेत. क्रम मोडू नका.

आधी थोडी तयारी

मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकू नका. या संगीतातली निम्मी गंमत खर्जात असते आणि तो स्पीकर खर्ज खाऊन टाकतो. साधे हेडफोन पुरेत. हेडफोन लावलेत की तळाची ओळ आधी शोधायची. सेलो किंवा गँबा (सेलोसारखंच जुनं गजवाद्य) ती वाजवतं आणि तिच्यावर हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) किंवा थिऑर्बो (लांब मानेची मोठी ल्यूट) स्वरसमूह भरतं. या जोडीला कंटिन्युओ म्हणतात. स्वरलिपीत फक्त खालची ओळ आणि तिच्यावर आकडे छापलेले असतात, बाकीचं वादकाने आयत्या वेळी भरायचं. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटच्या बैठकीत त्याची गरज पडेल.

इंटरनेटवर शोधताना रचनेच्या नावापेक्षा ओपस क्रमांकावर (रचनाकाराच्या छापील संग्रहाच्या क्रमांकावर) भरवसा ठेवा. फ्रेंच नावं उच्चाराप्रमाणे टाइप केलीत तर काहीच सापडणार नाही, कारण शेवटची अक्षरं बऱ्याचदा मुकी असतात. ल्युलीच्या नावाच्या शेवटी ‘वाय’ टाका. तो फ्लॉरेन्समध्ये जन्मला तेव्हा तिथे ‘आय’ होता.

आणखी एक. जुन्या वाद्यांवर वाजवणारा संच निवडा. आजचे संच बरोकसाठी साधारण ४१५ हर्ट्झचा ‘ला’ (वाद्यं जुळवायचा स्वर) धरतात, फ्रेंच संगीतासाठी बरेच जण ३९२ पर्यंत उतरतात. आधुनिक ४४० पेक्षा हा पूर्ण एक स्वर खाली आहे. आवाज जरा जड आणि मखमली वाटला तर रेकॉर्डिंग बिघडलंय असं समजू नका.

पहिली बैठक: एकच चाल, दोन घराणी

‘ला फोलिया’ ही इबेरियातून आलेली जुनी चाल. सोळा मात्रागट, तीनाचा ठेका, दुसऱ्या मात्रेवर किंचित वजन, आणि खाली तोच तो ठरलेला स्वरसमूहांचा फेरा. या फेऱ्यावर कोरेल्लीने रोममध्ये व्हायोलिनसाठी रचना केली, ती त्याच्या ओपस ५ मधली बारावी, छापली १७०० साली. पुढच्याच वर्षी, १७०१ मध्ये, पॅरिसमध्ये मारँ मारेने आपल्या गँबाच्या दुसऱ्या संग्रहात त्याच चालीवर ३२ कडवी छापली. दोन्ही डी मायनरमध्ये. ख्याल ऐकणाऱ्याला सांगायला नको, की बंदिश तीच असली की घराण्यातला फरक चटकन उघडा पडतो.

आधी कोरेल्ली. पहिल्यांदा सलग ऐका. दुसऱ्यांदा फक्त व्हायोलिन आणि तळाची ओळ यांच्यातला व्यवहार बघा. व्हायोलिनने टाकलेला तुकडा खालचा सेलो तसाच उचलतो आणि परत फेकतो. एखादी छोटी आकृती घेतली की ती पायरीपायरीने उतरवत नेली जाते: तीच आकृती एक पायरी खाली, मग आणखी एक पायरी खाली. पुढची पायरी कुठे पडणार ते कानाला आधीच कळतं आणि ती तिथेच पडली की बरं वाटतं. इटालियन संगीताची ओढ म्हणतात ती बरीचशी हीच. दोन-तीन ठिकाणी वेग एकदम उतरतो, आणि तिथे चांगला वादक छापलेल्या साध्या स्वरांभोवती स्वतःची नक्षी काढतो. इटालियन पद्धतीत ही नक्षी वादकावर सोडलेली असायची.

आता मारे. गँबा पायांमध्ये धरायची, तारा सात, मानेवर गिटारसारखे पडदे, आणि गज तळहात वर करून खालून धरायचा. त्यामुळे सूर व्हायोलिनसारखा बाणासारखा सुटत नाही, श्वास घेऊन येतो. प्रत्येक कडवं वेगळ्या स्वभावाचं आहे. एक ताठ, पुढचं नाचरं, मग एक कुजबुजणारं. पण खरा फरक स्वरांच्या टोकांवर आहे. मारेने कुठे कंप द्यायचा, कुठे खालच्या स्वरावरून घसरत वर यायचं, कुठे बोट हलवून सूर रडवायचा, याच्या खुणा स्वरलिपीत बारकाईने छापल्या आहेत. आपल्याकडच्या खटका-मुरकीला कोणी चिन्हं देऊन ती सक्तीची करावीत, तसंच हे. कोरेल्लीत अलंकार हा वादकाचा हक्क, मारेत तो रचनेचा अवयव. तो काढला तर सूर अपुरा राहतो.

वहीत दोन रकाने करा आणि प्रत्येकी तीन निरीक्षणं लिहा. पुस्तकी शब्द शोधू नका. मी पहिल्या वेळी कोरेल्लीपुढे ‘जिना’ आणि मारेपुढे ‘सुस्कारा’ एवढंच लिहिलं होतं, आणि पुढची चारही वर्षं ते दोन शब्द पुरले.

एक कानाचा व्यायाम याच बैठकीत उरकून घ्या. कोरेल्लीच्या ओपस १ ते ४ मध्ये ४८ त्रिकूट सोनाटा आहेत, म्हणजे दोन व्हायोलिन आणि कंटिन्युओसाठीच्या अनेक भागांच्या रचना. त्यातला कुठलाही संथ भाग लावा. एक व्हायोलिन आपला सूर धरून बसतं, दुसरं एक पायरी चढून त्याला घासतं, मग पहिलं नाइलाजाने खाली उतरतं आणि लगेच उलटा डाव सुरू होतो. हा घासण्याचा आवाज ओळखता आला पाहिजे. पुढे पॅरिसमध्ये तो ऐकू आला की समजायचं, कोरेल्ली येऊन गेला.

दुसरी बैठक: फ्रेंचांना फ्रेंच करणारा फ्लॉरेन्सकर

इथे कथा थोडी वळण घेते. पॅरिसमध्ये इटालियन ऑपेरा आणला फ्रान्सचा कारभार बघणाऱ्या कार्डिनल माझारँने, जो स्वतःच इटलीचा. १६४७ मध्ये त्याने लुइजी रॉस्सीचा ‘ऑर्फेओ’ करवला. चौदाव्या लुईच्या लग्नासाठी व्हेनिसहून काव्हाल्लीला बोलावलं. त्याचा ‘एर्कोले आमान्ते’ अखेर १६६२ मध्ये रंगमंचावर आला, तोवर लग्नाला दीड वर्ष उलटलं होतं आणि माझारँ वारला होता. ट्युलरी राजवाड्याच्या त्या प्रचंड नाट्यगृहात यंत्रांच्या धडधडाटात गाणं धड ऐकूच आलं नाही. लोकांना आवडली ती मध्ये घातलेली नृत्यं, आणि ती होती ल्युलीची.

हा ल्युली, म्हणजे मूळचा जोव्हान्नी बात्तिस्ता लुल्ली, १६४६ मध्ये, चौदाव्या वर्षी, राजघराण्यातल्या एका तरुण बाईसाहेबांना इटालियन बोलायचा सराव व्हावा म्हणून फ्रान्समध्ये आणला गेला. १६६१ मध्ये तो फ्रेंच नागरिक झाला, १६७२ मध्ये ऑपेराची मक्तेदारी त्याच्या हातात आली. पुढच्या वर्षी हुकूम निघाला की बाकीच्या नाटक कंपन्यांनी दोन गायक आणि सहा वादकांच्या पलीकडे जायचं नाही. आणि या जन्माने इटालियन माणसाने ‘फ्रेंच’ शैली म्हणजे काय ते ठरवून टाकलं.

ऐकायला ‘आर्मिद’ (१६८६) घ्या, पण पूर्ण नको. नवशिक्यांची ही ठरलेली चूक. मीही एका रात्री तीन तासांचा ऑपेरा सुरुवातीपासून लावला होता. प्रस्तावनेतली राजाची स्तुती संपायच्या आत मला झोप लागली. तुम्ही दोनच तुकडे ऐका.

पहिला, सुरुवातीचं ओव्हर्चर, म्हणजे पडदा उघडण्याआधीचं वाद्यसंगीत. आधी संथ, झटके देत चालणारा राजेशाही भाग, मग एकामागून एक वाद्यं आत शिरतात तो चपळ भाग. ‘फ्रेंच ओव्हर्चर’ म्हणून पुढे सगळ्या युरोपने उचललं ते हेच. दुसरा, दुसऱ्या अंकातलं आर्मिदचं एकटीचं भाषण. झोपलेल्या शत्रूवर ती खंजीर उगारून उभी आहे, आणि हात चालत नाही. इटालियन ऑपेरात गाणं आणि बोलणं वेगळं पडतं, तसं इथे होत नाही. फ्रेंच कवितेच्या ओळीप्रमाणे ताल क्षणोक्षणी बदलतो, कधी चार, कधी तीन, कधी दोन. खाली फक्त कंटिन्युओ. मधल्या शांतता मोजा. हा तुकडा नीट लक्षात ठेवा, आपण पुन्हा इथे येणार आहोत.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट कानावर पडेल: सलग छापलेले सारख्या लांबीचे स्वर सारखे वाजत नाहीत, गुरू-लघु, गुरू-लघु असे झुलतात. आम्ही लिहितो एक आणि वाजवतो दुसरं, असं कुपरँने १७१६ मध्ये हार्पसिकॉर्डच्या आपल्या पुस्तकात कबूल केलं आहे.

तिसरी बैठक: रोमहून परतलेला शार्पाँतिए

मार्क-आंत्वान शार्पाँतिए १६६० च्या दशकात रोममध्ये राहिला आणि कारिस्सिमीकडे शिकला. परत आला तोवर पॅरिसच्या रंगभूमीवर ल्युलीचं कुलूप पडत होतं. म्हणून त्याच्यातलं इटालियन बरंचसं चर्चमध्ये आणि सरदारांच्या वाड्यांत मुरलं. युरोपातल्या मराठी वाचकांनी याला नकळत ऐकलेलं असणारच: युरोव्हिजनच्या प्रक्षेपणाआधी वाजणारी ती तुतारी-नगाऱ्याची धून त्याच्या ‘ते देउम’ची सुरुवात आहे.

पण ती धून बाजूला ठेवा आणि दोन समूहगीतं शेजारी लावा. कारिस्सिमीच्या ‘येफ्ते’चं शेवटचं समूहगीत, आणि शार्पाँतिएच्या लॅटिन ‘सेंट पीटरचा नकार’चं शेवट. दोन्हीकडे रडणं आहे. पहिल्यात इस्रायलच्या लेकरांना ‘रडा’ म्हटलं जातं, दुसऱ्यात पीटर बाहेर जाऊन ‘ओक्साबोक्शी रडला’. दोन्हीकडे आवाज एकमेकांना घासत, एक उतरला की दुसरा चढत जातात. व्हायोलिनच्या व्यायामात पकडलेला तोच आवाज. शिष्य मात्र ती घासणी जास्त वेळ धरून ठेवतो, सोडवायला उशीर करतो. मला विचाराल तर या एका समूहगीतासाठी ल्युलीचे दोन ऑपेरे द्यावेत. असलं संगीत कर्कश आहे अशी तक्रार तेव्हा ले सेरच्या गोटातून यायची. त्यांना हेच तर खुपत होतं.

चौथी बैठक: कुपरँची लबाडी

या बैठकीला वेळ द्या. १६९० च्या आसपास विशीतल्या फ्रांस्वा कुपरँला कोरेल्लीच्या सोनाटांनी झपाटलं. त्याने तशी एक स्वतः रचली. पण फ्रेंच माणसाची सोनाटा कोण ऐकणार? म्हणून त्याने बतावणी केली की सार्डिनियाच्या राजाच्या चाकरीत असलेल्या एका नातेवाइकाने नव्या इटालियन रचनाकाराची सोनाटा धाडली आहे, आणि स्वतःच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून एक इटालियन नाव तयार केलं. लोकांनी ती उचलून धरली. हा सगळा किस्सा त्याने स्वतःच १७२६ मध्ये ‘ले नासियों’च्या प्रस्तावनेत सांगितला आहे.

तोच संग्रह ऐकायचा. त्यात चार संच आहेत, त्यातला पहिला ‘ला फ्रांस्वाझ’ लावा. संचाची मांडणीच आपल्या कामाची आहे: सुरुवातीला अनेक छोट्या भागांची इटालियन पद्धतीची सोनाटा, आणि तिच्या मागोमाग आलमांद, कूरांत, साराबांद अशी फ्रेंच नृत्यांची रांग. सोनाटा त्या जुन्या लबाडीच्या काळातली, नृत्यं नंतर जोडलेली. सोनाटात घासणाऱ्या व्हायोलिन आणि उतरत जाणारे जिने शोधा. ते सापडतील, पण टोकांवर फ्रेंच कंप चिकटलेले दिसतील. मग कूरांतवर या. इथे ठेका तीनाचा की दोनाचा हेच कळेनासं होतं. बोटाने मात्रा मोजून बघा, मध्येच चुकाल. चुकलात तर बरोबर ऐकताय.

त्यानंतर १७२५ ची ‘ल्युलीचं स्वर्गारोहण’. आदल्या वर्षी कुपरँने कोरेल्लीला पार्नाससवर (कलादेवतांच्या डोंगरावर) चढवलं होतं, आता ल्युलीची पाळी. प्रत्येक तुकड्याला कथेचा मथळा आहे, तो वाचत ऐका. ल्युली वर पोचतो तेव्हा कोरेल्ली आणि इटालियन कलादेवता त्याचं ‘अर्धं गोड, अर्धं रानटी’ स्वागत करतात. अपोलो दोघांना पटवतो की दोन्ही रुची एकत्र आल्याशिवाय संगीत पूर्ण होणार नाही. मग दोन छोट्या चाली येतात: पहिलीत ल्युली चाल वाजवतो आणि कोरेल्ली साथ करतो, दुसरीत उलट. छापील प्रतीत दोघांच्या ओळी वेगळ्या ‘की’ने (ओळीच्या आरंभीची, स्वरांची जागा सांगणारी खूण) सुरू होतात, ल्युलीची फ्रेंच व्हायोलिन-की आणि कोरेल्लीची इटालियन. नजरेलाही कळावं, की माणसं दोन आहेत.

या चाली मिनिट-दोन मिनिटांच्या आहेत. डोळे मिटून चार वेळा ऐका आणि दर वेळी कोण पुढे आहे ते सांगा. साथ करणाऱ्यावर लक्ष ठेवलंत तर लवकर जमेल, कारण साथीला बसलेला कोरेल्ली गप्प बसत नाही, सारखा पळत असतो.

आणि एक अट. फ्रेंच कलादेवता तहाला तयार होतात, पण म्हणतात की आमच्या भाषेत बोलताना यापुढे ‘सोनाटा’, ‘कांताटा’ नाही, ‘सोनाद’, ‘कांताद’ म्हणायचं, जसं आम्ही ‘बालाद’, ‘सेरेनाद’ म्हणतो. आपल्याकडच्या भाषाशुद्धीवाल्यांना ही देवी आपलीच वाटेल. शब्द अर्थातच टिकला नाही.

पाचवी बैठक: घाईची, पण आवश्यक

दोनच रचना. क्लेराँबोची ‘ऑर्फे’ (१७१०) ही एका आवाजाची कांताटा: फ्रेंच कविता, इटालियन साचा, कथन आणि गाणं आळीपाळीने. ऑर्फे पाताळाच्या राजाला विनवणी करतो ते गाणं चुकवू नका.

दुसरी लक्लेरची ओपस ९ मधली तिसरी व्हायोलिन सोनाटा (१७४३). जाँ-मारी लक्लेर लियॉनचा. पेशाने आधी नर्तक, तूरिनला गेला तो सोमिसकडे व्हायोलिन शिकून आला. पहिले भाग ऐकताना वाटेल की हा पक्का इटालियन. मग शेवटी ‘तांबुरँ’ येतो, ढोलकीच्या ठेक्यावरचं प्रोव्हांसचं नाचगाणं, आणि नर्तकाचे पाय दिसतात. पुढे १७६४ मध्ये पॅरिसमधल्या स्वतःच्या घराच्या दारात त्याचा खून झाला.

तोवर विवाल्डीही पोचला होता. १७२५ मध्ये सुरू झालेल्या ‘कोंसेर स्पिरित्युएल’ या तिकीट काढून ऐकायच्या मैफलींत १७२८ साली ‘चार ऋतू’ वाजलं, आणि ‘वसंत’ पॅरिसकरांच्या इतकं डोक्यात बसलं की कोरेत या फ्रेंच रचनाकाराने नंतर त्यावर लॅटिन स्तोत्रच चढवलं.

ल्युलीनंतरचा फ्रेंच ऑपेराकार रामो ऐकायला लागलात तर एका शब्दाने गोंधळू नका. ‘आरिएत’ ऐकून छोटं गाणं वाटतं. फ्रेंच ऑपेरात मात्र तो मोठ्या, ताना असलेल्या इटालियन थाटाच्या गाण्याला वापरत. ‘इपोलित ए आरिसी’ (१७३३) च्या शेवटचं बुलबुलांचं गाणं हा चांगला नमुना.

सहावी बैठक: भांडण, आणि पुन्हा आर्मिद

१ ऑगस्ट १७५२ ला पॅरिसच्या ऑपेरात एका इटालियन फिरत्या कंपनीने पेर्गोलेसीचं ‘ला सेर्व्हा पाद्रोना’ केलं. मोलकरीण मालकाला गुंडाळून त्याच्याशी लग्न लावते, एवढीच गोष्ट. पात्रं तीन, त्यात एक मुकं. हेच नाटक १७४६ मध्ये पॅरिसला येऊन गेलं होतं, तेव्हा कोणी विशेष मान वर केली नव्हती. या वेळी मात्र शहर दुभंगलं. राजाच्या सज्जाखाली फ्रेंच बाजूचे, राणीच्या सज्जाखाली इटालियन बाजूचे, आणि पत्रकांचा पाऊस.

आधी ‘सेर्व्हा’चं पहिलं गाणं ऐका. मालक वाट बघून वैतागलाय. शब्द तीन-चार, तेच तेच पुन्हा, आणि साथ त्याच्यासारखीच चुळबुळते. अर्थ न कळताही हसू येतं.

मग आर्मिदच्या त्या भाषणावर परत या. १७५३ मध्ये रूसोने फ्रेंचांना संगीत नाही आणि असूही शकत नाही असं ठणकावलं, तेव्हा दाखला म्हणून हेच भाषण फाडून काढलं होतं. ती म्हणते वार करू, मग थबकते, मग सूड, मग उसासा. एवढी उलथापालथ चाललीय आणि संगीत आपलं त्याच स्वरात बसून राहिलंय, हा त्याचा आक्षेप. रामोने पुढच्या वर्षी उत्तर दिलं: स्वर बदलतात, पण ते तळाच्या ओळीत दडलेले आहेत, ऐकणाऱ्याने आणि वाजवणाऱ्याने ओळखायचे.

सुरुवातीला सांगितलेले ते आकडे आठवतात? वर काय भरायचं हे आजही हार्पसिकॉर्डवाल्याच्या हातात आहे. म्हणून या भाषणाची दोन वेगवेगळी रेकॉर्डिंगं घ्या, खंजीर उगारल्यापासूनच्या ओळी एकामागून एक लावा, गायिकेकडे मुद्दाम दुर्लक्ष करा आणि फक्त हार्पसिकॉर्डकडे कान द्या. एकजण प्रत्येक थांब्यावर नवा, बोचरा स्वरसमूह टाकत असेल, तर दुसरा नुसता एक सूर ठेवून हात उचलत असेल. कोण रामोच्या बाजूचा आणि कोणी रूसोला वाव दिलाय, ते वहीत लिहून ठेवा.